बिब्ब्याचे तीन ठिपके

पुंजा, सीट बदललीस ना तू? आता तरी खरं सांग.

तुला जाऊन आज पंधरा दिवस झाले. दहाव्याला मी आलो होतो. मागे, चपलांच्या ढिगाजवळ उभा होतो. लोक तुझ्याबद्दल भरभरून बोलत होते. हाताला काय सफाई, गाडीची कुशनं शिवावीत तर पुंजानंच, गिऱ्हाइकाशी कधी वाकडा शब्द नाही. मीही मान डोलवत होतो आणि मनात मात्र एकच घोळत होतं, की या माणसानं माझ्या बाबांच्या सीटचं चामडं काढून घेतलं आणि शेवटपर्यंत कबूल केलं नाही. दहाव्याला उभं राहून असा विचार करणाऱ्याला काय म्हणायचं ते तूच म्हण. माझ्यासाठी तुझ्याकडे शब्दांचा तोटा कधी नव्हता. 'झडतीवाला' तर ठरलेलाच होता.

हे नाव तू मला मी प्रेसमध्ये लागलो त्या वर्षी दिलंस. नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये माझं काम छापलेले कागद तपासायचं. दिवसभर भिंग घेऊन बसायचं आणि पाहायचं, रेघ तुटली का, रंग सरकला का, खूण जागेवर आहे का. संध्याकाळी बाहेर पडताना आमचीच झडती. हात वर करायचे, पहारेकरी खिशापासून जेवणाच्या डब्यापर्यंत सगळं चाचपणार, मग घरी. त्यात अपमान वगैरे कोणाला वाटत नसे, रोजचंच होतं. पण वर्षानुवर्षं रोज ज्याची झडती होते, तो दुसऱ्याला बिनझडतीचा सोडत नाही. भाजीवाली, दूधवाला, मुलीला पाहायला आलेली मंडळी, सगळ्यांकडे मी भिंगातूनच पाहिलं. माझी बायको म्हणते, देवळात तीर्थ घेतानाही तुम्ही आधी वास घेता. खोटं नाही ते.

नाशकातल्या द्वारका चौकातल्या तुझ्या दुकानात मी शिरलो की तू हातातली सुई खाली ठेवायचास आणि दोन्ही हात वर करून उभा राहायचास.

"घे बाबा, आधी झडती घे. नायतर तुला चहा जायचा नाय."

गिऱ्हाइकं हसायची. मीही हसायचो, आणि हसता हसता तुझ्या हातांवरून, फळीवरून, कोपऱ्यातल्या चामड्याच्या गुंडाळ्यांवरून नजर फिरवून घ्यायचो. ते झालं की चहा यायचा.

आपली गाठ शाळेतली. तू विहितगावच्या मळ्यातला. तुमच्याकडे झेंडू, शेवंती आणि बांधाकडेला मेथी-कोथिंबीर. तुझी आई फुलांची पाटी घेऊन देवळाली कॅम्पात यायची आणि तू तिच्याबरोबर शाळेपर्यंत. मी कॅम्पातल्या एका पारशी बाईंच्या बंगल्यामागच्या खोलीत राहायचो, कारण बाबा त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. काळी विलायती गाडी आणि तिच्या विटकरी चामड्याच्या सीटा. दर रविवारी बाबा त्या पुसायचे आणि मी भांडं धरून उभा असायचो. बसायची परवानगी नव्हती. हात लावायचीही नव्हती, पण तेवढं मी करायचो. तूही केलंस एकदा. मधल्या सुट्टीत मी तुला मुद्दाम घेऊन आलो होतो. तू सीटवर पंजा टेकवलास, बराच वेळ ठेवलास आणि म्हणालास, "बाळ्या, हे गरम हाय. जित्तं हाय."

त्यानंतरच तू कॅम्पातल्या खोगीरं शिवणाऱ्या म्हाताऱ्याच्या दुकानाशी जाऊन बसायला लागलास. मळा भावानं सांभाळला आणि तू आधी टांग्यांच्या गाद्या, मग जीपच्या, मग गाड्यांची कुशनं असं करत द्वारकेला आलास. माझ्या बाबांच्या सीटनं पुंजाला धंद्याला लावलं असं मी चारचौघांत सांगायचो. तू कधी नाकारलं नाहीस. बाबा गेले तेव्हा पाटीभर झेंडू घेऊन पहिला तूच आलास आणि खांद्याला पुढेही तूच होतास. हे मी विसरलेलो नाही. संशय घेत असतानाही विसरलेलो नव्हतो, हीच तर माझी पंचाईत होती.

ड्रायव्हरच्या सीटला डाव्या मांडीखाली एक भोक होतं, तुरीच्या डाळीएवढं. बाबांच्या विडीचं. बाई कोणाकडे तरी भेटायला गेल्या असताना गाडीत बसून ओढलेली ती एकमेव विडी, असं बाबा सांगायचे. त्यानंतर नोकरीची सगळी वर्षं ते त्या भोकावर बसून राहिले, बाईंना दिसू नये म्हणून. बाबा गेले आणि काही वर्षांनी, त्र्याण्णव साली, बाई कायमच्या मुंबईला निघाल्या. जाताना गाडीची किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "तुझा बाबाला वाटायचा का मला ते होल दिसला नाय. मला तर पहिल्याच दिवशी दिसला होता."

गाडी फार लांब नेण्यासारखी राहिली नव्हती. मला तरी कुठे लांब जायचं होतं! इंदिरानगरला आमच्या बिल्डिंगखाली ती उभी असायची. रविवारी सकाळी मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसायचो, भोकावर बोट ठेवून. बाबा ज्या चामड्यावर बसले त्याच चामड्यावर बसायचं, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही नको होतं.

सीटांची निगा तुझ्याकडे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर. मी स्टूल ओढून तुझ्या बरोबर समोर बसायचो. आधी दात घासायच्या जुन्या ब्रशानं तू शिवणींतली धूळ काढायचास, कोरडीच. मग रिठ्याचं पाणी घुसळून वरचा फक्त फेस घ्यायचास. फडकं इतकं पिळायचास की मला वाटायचं, हा नुसताच हात फिरवतोय. "पाणी प्यायलं की चामडं फुगतं, आन सुकलं की रुसतं," असं तुझं म्हणणं. वाळवायचं ते पंख्याखाली, उन्हात नाही. शेवटी चपट्या डबीतलं मलम. मेण आणि एरंडेल एवढं तू सांगायचास, तिसरी वस्तू सांगायचा नाहीस. ते फडक्यानं नव्हे, तळहातानं लावायचास, तळव्याच्या उबेनं विरघळून आत जाईपर्यंत. मग तासभर काही करायचं नाही आणि नंतर मऊ फडक्यानं पुसून काढायचं. सीट चकाकली की तू नाराज व्हायचास. "चकाकतंय म्हंजे वर राहिलंय, आत गेलं नाय," म्हणायचास.

त्या तिसऱ्या वस्तूनं माझं डोकं खाल्लं होतं. एकदा तू मागे हात धुवायला गेलास तेव्हा मी डबीतलं बोटभर मलम काडेपेटीत भरून आणलं आणि प्रेसमधल्या शाईची पारख असलेल्या एका सोबत्याला हुंगायला दिलं. त्यानं सांगितलं, कापूर. बस, एवढंच होतं. बुरशी लागू नये म्हणून चिमूटभर कापूर. पुढच्या खेपेला तू स्वतःच डबी माझ्यापुढे धरलीस.

"काडेपेटी आणलीय का? भरून ने की."

तुला कळलं होतं आणि तू रागावला नव्हतास, याचा मला राग आला. चोरी मी केली होती आणि संशय मात्र तुझाच वाढला. जो माणूस एवढं पाहतो आणि बोलत नाही, तो आणखी काय काय बोलत नसेल?

म्हणून मी खूण केली. जुनं विलायती चामडं आता मिळत नाही, हौशी लोक त्यासाठी वेडे होतात, हे तूच मला सांगितलं होतंस. तू सांगितलंस म्हणूनच माझ्या डोक्यात आलं की उद्या तूच बदललंस तर? ड्रायव्हरच्या सीटचं चामडं खाली चौकटीवर दुमडलेलं असतं. त्या दुमडीच्या आतल्या अंगाला, कडा उचलली तरच दिसतील असे, मी बिब्ब्याचे तीन ठिपके दिले. धोबी कपड्यांना देतात तसे, धुतले तरी न जाणारे. बिब्ब्याला सुई टोचून तेल काढताना माझं बोट उतलं. पंधरा दिवस सुजलेलं होतं, फोड आले होते. बायकोला सांगितलं, गरम पातेलं लागलं. तुला तर सांगायचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर दर वेळी गाडी तुझ्याकडून घरी आली की मी वाकून टॉर्च मारायचो. तीन ठिपके जागेवर असायचे. मग सुटल्यासारखं वाटायचं, आणि पुढचे सहा महिने मी तुझा चांगला मित्र असायचो.

आता ते सांगतो जे तुला कधीच सांगितलं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर मी गाडी तुझ्याकडे आणली नाही. वाटलं, रिठ्याचा फेस म्हणजे तुझी टाळाटाळ आहे, खरी घाण त्यानं निघतच नसणार. पद्धत तर सगळी पाहून ठेवली होती. मग आपणच का करू नये? मी ड्रायव्हरची सीट सोडवून गच्चीवर नेली आणि गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून खसाखसा घासली. विटकरी पाणी वाहायला लागलं. मला काय आनंद झाला! बायकोला हाक मारून दाखवलं, "बघ, पुंजानं किती घाण आत ठेवली होती." ती म्हणाली, "अहो, रंग जातोय तो." मी म्हटलं, तुला काय कळतंय. दोन दिवस सीट कडक उन्हात ठेवली. ती पापडासारखी झाली. घाबरलो, आणि मग अख्खी बाटली खोबरेल ओतलं. नाशिकची थंडी तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर सीटभर भेगा आणि प्रत्येक भेगेत पांढरं थिजलेलं खोबरेल. बाबा बसायचे ती जागा बोटानं दाबली तर कड्‌ असा आवाज आला. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीआड बसून रडलो रे. साठीकडे झुकलेला माणूस.

आणि तुझ्याकडे येऊन काय सांगितलं? "अरे, गाडी उन्हात उभी होती. उन्हानं तडकली."

तू वाकलास. वास घेतलास. मग माझ्याकडे पाहिलंस.

"इंदिरानगरातलं ऊन लय तेलकट हाय रे," एवढंच म्हणालास.

तू आणखी एकदा विचारलं असतंस तर मी सांगून टाकलं असतं. बहुतेक. पण तू विचारलं नाहीस. सीट ठेवून जा म्हणालास, अकरा दिवस लागतील, आणि मधे बघायला यायचं नाही. मला! स्टुलावरून हाकललंस मला! तरी मी दोनदा येऊन गेलो. दोन्ही वेळा शटर अर्धं खाली होतं.

बाराव्या दिवशी सीट बसवून दिलीस. एक भेग नाही. मऊ, विटकरी, थेट जुन्यासारखी. मी तिथल्या तिथे बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं वाकून खूण पाहिली. तीन ठिपके होते. जीव भांड्यात पडला. मग गाडीत बसलो आणि आरशात पाहिलं, तर मागचा रस्ता पुरता दिसेना, मागच्या सीटची पाठच जास्त दिसली. आरसा जरा वर करावा लागला. मी पूर्वीपेक्षा उंच बसलो होतो. डाव्या मांडीखाली बोट घातलं. भोक नव्हतं.

"बाबांचं भोक कुठंय?"

"भरलं."

"दिसत नाही ते."

"दिसलं तर भरलं कशाला म्हणायचं?"

"आणि सीट उंच कशानं झाली?"

"सीट नाय, तूच वाढलास. बसून बसून माणूस फुगतो."

तुझ्या उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती. विचारलं तर म्हणालास, सुई लागली. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही, आणि म्हणे मी तपासनीस.

पुढची पाच वर्षं मी तुला दर खेपेला तेच विचारलं. कधी चेष्टेत, कधी सरळ. तू हसण्यावारी न्यायचास. एकदा वैतागून म्हणालास, "खूण बघितलीस ना तुझी? मग झालं तर." मी कप खाली ठेवला. खुणेबद्दल मी जन्मात कोणाला बोललो नव्हतो. ज्याला खूण माहीत आहे, तो खूण उठवूही शकतो, हे प्रेसमधल्या कोणालाही विचार. त्या दिवसापासून मला उंची, भोक आणि खूण या तिन्हींची बेरीज एकच यायला लागली.

मग कुंभमेळ्याचं वर्ष आलं. सगळ्या जीपा, टॅक्स्या एकदमच नव्या सीटा शिवून घ्यायला निघाल्या होत्या, तुझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तुझी मनीषा मशीनवर बसली होती. तिच्या पाठीमागे खिळ्याला एक पर्स लटकत होती. विटकरी चामड्याची. तो रंग मी लहानपणापासून ओळखतो, पुंजा. मला काही सुचेना. मी ओरडलो, चार माणसांत, तुझ्या मुलीसमोर, की चोर आहेस तू, माझ्या बापाच्या सीटची पर्स केलीस.

मनीषाचं मशीन थांबलं. तू त्या दिवशी सुई खाली ठेवली नाहीस. सुई तशीच चिमटीत धरून दोन्ही हात वर केलेस. हसला नाहीस.

"घे," म्हणालास. "झडती घे."

मी गाडी घेऊन निघून आलो. आठ महिने तुझ्या दुकानाच्या रस्त्यानं गेलो नाही. मग कळलं की छातीत दुखतंय म्हणून तुला दवाखान्यात ठेवलंय. मी आलो होतो, पुंजा. जिन्यापर्यंत आलो होतो. पण तिथे माझं मलाच कळलं की मी तुला भेटायला आलेलो नाही. माणूस आजारपणात मऊ पडतो, आज विचारलं तर कबूल करेल, असा हिशोब करून आलो होतो. आपल्या जिवाभावाच्या माणसाच्या खाटेपाशी कबुलीजबाब घ्यायला निघालो होतो मी! तसाच मागे फिरलो. वाटलं, बरा होऊन घरी येईल, मग नीट भेटू. चौथ्या दिवशी तू गेलास.

इथपर्यंत सोमवारी लिहिलं होतं. वाचून पाहिलं तर ही तुझी आठवण नव्हेच, फिर्याद आहे. फिर्याद आहे तर पुरावाही हवा. आज बुधवार. सकाळी गाडी काढली आणि द्वारकेला आलो.

दुकान उघडं होतं. मनीषाच मशीनवर होती, एक जीपवाला तिच्याशी सीटच्या मापाचं बोलत होता. तुझा फोटो अजून भिंतीवर लावलेला नाही, फळीवर मलमाच्या डब्यांना टेकवून ठेवलाय. मी म्हटलं, "मनीषा, ड्रायव्हरची सीट उघडायची आहे. शिवणीतून. मला आत बघायचंय." वाटलं होतं ती चिडेल, निदान का म्हणून विचारेल. तिनं काहीच विचारलं नाही.

"बसा काका. आधी चहा घ्या."

"चहा नंतर."

"नाय काका. आधी चहा."

झालं, मला शंका आली. वेळ काढतेय. आईला निरोप धाडेल, काहीतरी लपवेल. मी सीट समोर आणून ठेवायला लावली आणि तिच्यावरची नजर न काढता उभ्या उभ्या चहा प्यायलो. कप रिकामा झाल्याचं पाहिल्यावरच ती उठली.

तिनं तुझ्यासारखंच केलं. आधी ब्रशानं शिवण साफ केली, मग पात्याच्या टोकानं एक एक टाका कापत गेली. घाई नाही. वरचं चामडं सुटलं, तिनं ते दोन्ही हातांनी अलगद उलटं केलं. खाली फोम असेल असं मी धरून चाललो होतो. खाली मांजरपाटाचं पांढरं कापड होतं. तिनं तेही बाजूला केलं.

खाली बाबांची सीट होती.

सगळी होती, पुंजा. सोड्यानं मी रंग उडवलेली, उन्हात तडकवलेली. एकेक भेग तू मेणानं भरली होतीस, पाठीमागून कापडाच्या पट्ट्या चिकटवून सांधली होतीस, आणि कडेनं बारीक टाके घालून ती जिथे होती तिथेच बसवली होतीस. डाव्या अंगाला तुरीच्या डाळीएवढं भोक. माझं बोट आपसूक तिथे गेलं. मनीषानं खालची दुमड उचलून दाखवली. तीन ठिपके, माझे, जरा फिस्कटलेले. मग तिनं वरच्या चामड्याची दुमड दाखवली. तिथेही तीन. नेमक्या त्याच जागी, पण गोल, नेटके. तुझं काम नेहमीच माझ्यापेक्षा नेटकं.

आणि मला तुझा अंगठा आठवला. जन्मभर सुई धरणारा माणूस सुई लागली म्हणून चिंधी बांधत नाही. बिब्बा उतला होता तुला. मला उतला होता तसाच.

मनीषानं खिळ्यावरची पर्स काढून वरच्या चामड्यावर ठेवली. दोन्ही एक होती.

"ही वरच्याचाच उरलेला तुकडा हाय काका. रंग जुळंना म्हणून नानांनी ते कातडं तीनदा रंगवलं. मला म्हणाले, खालचं आता माणसाचं वजन पेलणार नाय. पण काढून टाकलं तर बाळ्याचा बाप उठून जाईल. म्हणून वरून पांघरूण घातलं."

एक जादा चामडं आणि मधे एक कापड. तेवढाच उंच झालो होतो मी.

"मग मला सांगितलं का नाही त्यानं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सोड्यानं धुतल्याचंही बोलावं लागलं असतं ना. नाना म्हणायचे, तो ऊन म्हणालाय, तर आपण ऊनच म्हणायचं."

चोर म्हणालो होतो, त्या वेळीसुद्धा तू ऊनच म्हणत राहिलास. एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं तुला, चार माणसांत, आणि तू हात वर करून उभा राहिलास. मी तुझ्या फोटोकडे पाहून मोठ्यानं म्हणालो, "पुंजा, मी चुकलो. सोड्यानं मीच धुतली." जिथे उभा राहून चोर म्हणालो होतो त्याच जागी म्हणालो. ऐकायला फक्त तुझी मुलगी होती आणि तो जीपवाला. तो बिचारा आपली मापं विसरून बघत राहिला.

थोड्या वेळानं मी मनीषाला म्हटलं, आता मात्र अजून एक चहा सांग. तिनं सांगितला. मी कप हातात घेतला, तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. जाईना.

ती माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "नाना दवाखान्यात सांगून गेले होते. बाळ्या एक ना एक दिवस सीट उघडायला येणार. आला की आधी चहा पाज, मगच उघड. उघडल्यावर त्याला चहा जायचा नाय."

मी वरच्या चामड्याच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"वरचं काढून टाकू का काका?" तिनं विचारलं. "का दोन्ही ठेवायची?"

"होतं तसं शिव."

"मग बसा समोर. बघून घ्या नीट."

तुझ्या दुकानातलं माझं स्टूल अजून तिथेच आहे, फळीखाली. मी ते ओढून घेतलं, रस्त्याकडे तोंड करून ठेवलं आणि तिच्याकडे पाठ करून बसलो. दीड तास लागला तिला. मी एकदाच वळलो, तेही गार झालेल्या चहाचा कप परत द्यायला.